हौशी म्हणण्याआधी नकाशा उघडा

मा. संपादक,
स. न.

अणुचाचण्यांविरुद्धच्या समुद्री आंदोलनांवरचा कालच्या पुरवणीतील लेख वाचून राहवले नाही. 'काही हौशी मंडळी होडीत बसून गेली आणि फोटो काढून आली' असा त्याचा एकूण सूर आहे. दक्षिण पॅसिफिकमधल्या मोरुरोआ या फ्रेंच अणुचाचण्यांच्या बेटाजवळ 'व्हेगा' ही नौका नेमके काय करत होती, हे लेखकाने नकाशा उघडून पाहिले असते तर 'हौशी' हा शब्द लिहायला त्यांचा हात धजावला नसता.

व्हेगा ३८ फुटांची, दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका. १९७२ साली तिच्यावर तिघे जण होते: डेव्हिड मॅकटॅगर्ट, नायजेल इनग्राम आणि ग्रँट डेव्हिडसन. फ्रान्स तेव्हा फुग्याला टांगलेले बॉम्ब हवेत फोडत असे. खुल्या समुद्राचा केवढा तरी पट्टा त्याने बंद म्हणून जाहीर केला होता, पण स्वतःची हद्द बेटापासून १२ मैलच. व्हेगाला या १२ मैलांच्या बाहेर, पण होईल तितके जवळ आणि वाऱ्याखाली राहायचे होते. वाऱ्याखाली अशासाठी, की किरणोत्सर्गी धूळ जिकडे जाणार तिकडेच माणसे असली तर कळ दाबणाऱ्याला त्यांचा विचार करावाच लागतो.

पण राहायचे कसे? तिथे समुद्र इतका खोल की नांगर टाकण्याचा प्रश्नच नाही. मग पुढचे शीड उलट बाजूला ताणायचे, मोठे शीड आवळायचे, सुकाणूचा दांडा बांधून टाकायचा. नौका जवळजवळ थांबते, तरी ताशी एक-दीड मैल वाऱ्याबरोबर सरकतेच. दिवसाला २४ ते ३६ मैल. म्हणजे तेवढेच अंतर रोज वाऱ्याविरुद्ध नागमोडी कापत परत यायचे, आणि तेही युद्धनौका अंगावर येत असताना. यात किती कस लागतो, ते शिडावर होडी चालवलेल्या कुठल्याही जुन्या तांडेलाला विचारा.

शिवाय आपण कुठे आहोत हे कळणार कसे? तेव्हा जीपीएस नव्हते. हलत्या डेकवर सेक्स्टंट हे कोन मोजायचे साधन धरून सूर्याची उंची घ्यायची आणि घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवायचे. घड्याळ ४ सेकंदांनी चुकले की रेखांश १ मिनिटाने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने चुकतो, त्या अक्षांशावर सुमारे पावणेदोन किलोमीटर. लाटांमुळे क्षितिज वरखाली होते, म्हणून सराईत हातालाही दोन-तीन मैलांची चूक धरूनच चालावे लागते. प्रवाळबेट ठेंगणे असल्याने १२ मैलांवरून माडांचे शेंडे दिसणेही कठीण. म्हणून रोजच्या नोंदवहीतील स्थानाचे आकडे हाच 'आम्ही खुल्या समुद्रात होतो' याचा पुरावा.

आणि याच आकड्यांत आपल्या लेखाने घोळ घातला! '१२ मैल म्हणजे १९ किलोमीटर' असे चौकटीत छापले आहे. ते जमिनीवरचे मैल झाले. सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे हद्द २२ किलोमीटरला. ज्या माणसांचे सारे म्हणणे हद्दीच्या आतबाहेरवर उभे होते, त्यांच्याबद्दल लिहिताना तीन किलोमीटर गाळून कसे चालेल?

१ जुलै १९७२ रोजी 'ला पँपोलेझ' या फ्रेंच सुरुंगशोधक जहाजाने व्हेगाला धडक दिली. अपघात झाला, असे फ्रान्सचे म्हणणे. १९७५ मध्ये पॅरिसच्याच न्यायालयाने या धडकेबाबत नौदलाला दोषी धरले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये व्हेगा पुन्हा तिथे गेली, तेव्हा कमांडो नौकेवर चढले आणि त्यांनी मॅकटॅगर्टला दंडुक्यांनी मारले. त्याच्या डोळ्याला जबर दुखापत झाली. मारहाण झालीच नाही, असे फ्रान्सने सांगितले. पण अ‍ॅन-मेरी हॉर्न या सहकारी महिलेने सारे कॅमेऱ्यात टिपले होते आणि फिल्मचा रोल झडतीतून वाचवून बाहेर आणला होता. ते फोटो छापून आल्यावर सरकारला खोटे रेटता येईना. आपल्या लेखकाने ज्यांची हेटाळणी केली, ते हे फोटो.

चाचण्या त्या नौकेने एकटीने थांबवल्या असे मी म्हणत नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, न्यूझीलंडने तर स्वतःची युद्धनौका एका मंत्र्यासह तिथे पाठवली. १९७४ नंतर फ्रान्सने हवेतील स्फोट बंद करून ते जमिनीखाली नेले. या साऱ्यावर आपल्या लेखात एक ओळ नाही.

लगे हाथ आणखी एक. 'फ्रेंच हेरांनी बुडवलेले रेनबो वॉरियर' (अणुचाचण्यांना विरोध करणाऱ्या ग्रीनपीस संघटनेचे जहाज) म्हणून जे छायाचित्र छापले आहे, ते २०११ साली बांधलेल्या जहाजाचे आहे. त्याच्या डोलकाठ्या 'ए' अक्षराच्या आकाराच्या आहेत, त्यावरून ते लगेच ओळखू येते. १० जुलै १९८५ च्या रात्री ऑकलंड बंदरात स्फोटांनी बुडवले गेले ते १९५५ सालचे, मूळचे मत्स्यसंशोधन जहाज. त्यात फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार बुडून मेला. निदान त्याच्यासाठी तरी योग्य जहाजाचा फोटो आणि १२ सागरी मैलांचा बरोबर आकडा पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर छापावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, अलिबाग