कलम गेले, भीती राहिली

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त दरवर्षी फेऱ्या निघतात, भाषणे होतात, रुग्णालयांच्या दर्शनी भागात फलक लागतात. परंतु ज्या घरातील कोणी नुकताच जीव देण्याचा प्रयत्न केला आहे, त्या घरापर्यंत या जागृतीतले काय पोहोचते, याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. माझी सारी नोकरी विदर्भातील ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत परिचारिका म्हणून झाली. अशा रुग्णासोबत आलेले नातेवाईक केसपेपर काढतानाच ‘चुकून झाले’, ‘अंधारात कळले नाही’ असे सांगू लागतात आणि रुग्ण शुद्धीवर आला की त्यालाही तेच सांगायला बजावतात. यामागे लोकलाज असते, घरातल्या मुलीच्या सोयरिकीची काळजी असते. पण सर्वांत मोठी असते ती पोलिसांची भीती.

ही भीती एके काळी निराधार नव्हती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. मात्र मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि त्यातील कलम ११५ ने ही बाजू पूर्ण बदलली. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरायचे, तिच्यावर खटला चालवायचा नाही आणि पुन्हा तसा प्रसंग ओढवू नये म्हणून तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य मानायचे, असे हे कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने कलम ३०९ घेतलेलेच नाही. (लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा तेथे कलम २२६ खाली गुन्हा ठरतो, कर्ज, आजार, घरातील कलह किंवा परीक्षेतील अपयश यांनी खचलेल्या माणसाशी त्याचा संबंध नाही.)

कायदा बदलला, पण रुग्णालयात नातेवाइकांना जे दिसते ते तसेच राहिले. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवावयाच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद होते, पोलीस येऊन जबाब घेतात, आणि खाकी वर्दी खाटेजवळ उभी राहिलेली पाहिल्यावर कलम गेले की राहिले याचा विचार कोण करणार? ही नोंद म्हणजे रुग्णावर गुन्हा दाखल होणे नव्हे, एवढे एक वाक्य दाखल करून घेतानाच कोणी समजावून सांगितले, तर निम्मी लपवाछपवी तेथेच थांबेल असे मला वाटते.

या लपवाछपवीची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. कागदावर अपघात असला की शरीरावर उपचार होतात, सलाइन निघते, डिस्चार्ज मिळतो; मनोविकारतज्ज्ञाला बोलावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घरी गेल्यावर ‘त्याच्यासमोर तो विषय काढू नका’ अशी सर्वांना ताकीद मिळते, एखादे घर बाहेरची बाधा समजून देवऋषीचा उंबरठा गाठते. वास्तविक आधी असा प्रयत्न केलेला असणे हीच पुढच्या धोक्याची सर्वांत मोठी खूण असते आणि रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जपण्याचे असतात. विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो ही समजूतही चुकीची आहे. ‘अजूनही जीव नकोसा वाटतो का?’ असे शांतपणे, दोष न देता विचारल्यास बहुतेकांना बोलायला वाट मिळते.

अशा विचारपुशीला खर्चिक यंत्रणा लागत नाही, याचा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १,८६७ रुग्णांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. इतरांशी त्याखेरीज घरी जाण्याच्या सुमारास तासभर संवाद साधला गेला आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोनवरून किंवा भेटून त्यांची विचारपूस करण्यात आली. या दुसऱ्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू लक्षणीयरीत्या कमी होते. आपल्याकडे गावोगावी आशा सेविका आहेत. योग्य प्रशिक्षण आणि या कामाचा वेगळा मोबदला दिल्यास ही विचारपूस त्या उत्तम करू शकतील. फुकटात आणखी एक काम त्यांच्या गळ्यात मारू नये, हे मात्र आधीच सांगून ठेवते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केल्या आणि देशातील राज्यांत हा आकडा सर्वाधिक होता. तेव्हा शासनाने याकडे पाहण्यास एवढे कारण पुरेसे असावे.

नातेवाइकांना माझी विनंती अशी की, डॉक्टरांना खरे काय घडले ते सांगावे आणि डिस्चार्जपूर्वी मनोविकारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची भेट आग्रहाने मागावी. ती सोय तेथे नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागासाठी चिठ्ठी लिहून घ्यावी. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच दिला आहे, आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असेही त्यात म्हटले आहे. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क चालतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. रुग्णाने स्वतः फोन केला पाहिजे असे नाही; धास्तावलेल्या आईलाही तेथे सल्ला मिळतो.

शेवटी आपल्या वृत्तपत्राविषयी. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांबाबत मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत. तरीही जिल्ह्याच्या पानांवर मथळ्यातच पद्धत सांगणाऱ्या, ‘क्षुल्लक कारणावरून’ असा निवाडा देऊन मोकळ्या होणाऱ्या बातम्या अजून येतात. ते कारण क्षुल्लक होते हे बातमीदाराला कोणी सांगितले? अशा मजकुराला कात्री लावावी आणि अशा प्रत्येक बातमीखाली, तालुका पुरवणीतसुद्धा, १४४१६ हा क्रमांक ठळक चौकटीत छापावा. आत्महत्येचा प्रयत्न केल्याबद्दल रुग्णावर खटला होत नाही, ही ओळही त्याच चौकटीत असावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
जि. यवतमाळ