टोपली न्यायला या

आमच्या धाकट्याला जाऊन परवा वर्ष झालं. बेळगावच्या मराठा सेंटरात त्याची भरती झाली, तेव्हा रेजिमेंट १७६८ सालची आहे म्हणून आबा गावभर सांगत सुटले होते. नऊ वर्षं नोकरी. शेवटी नियंत्रण रेषेवर गोळी लागली.

सांबरा विमानतळावरून त्याला आणताना खानापूरच्या पुढं पावसानं गाठलं. ओढ्याच्या उतारावर फुलांनी सजवलेली गाडी रुतली. शेजारच्या शेतात चिखलणी करणारा एक ट्रॅक्टरवाला धावत आला. तो कन्नड बोलत होता, आम्ही मराठी; दोर बांधायला कुणाला शब्द लागले नाहीत. पण गाडीला हात लावण्याआधी त्यानं ओढ्यात हातपाय धुतले, डोक्याचा टॉवेल सोडून कमरेला बांधला. ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. दादा, तुमचं नाव विचारायचं सुचलंच नाही.

सुतकात आमची चूल बंद. तेरा दिवस भल्या पहाटे ओसरीवर कुणीतरी भाकरी-पिठल्याची टोपली ठेवून जायचं. (एकदा पिठलं भलतंच खारट होतं. आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.) मावशी म्हणू की वहिनी, कळत नाही. तुमचे फार उपकार आहेत. शेवटची टोपली आईनं धुऊन फळीवर ठेवलीय. न्यायला या, चहा घेऊनच जा.