पेनड्राइव्ह पाठवत नाही, त्याचं कारण

देवगड,
नारळी पौर्णिमा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला. यंदा चतुर्थीला रेल्वेचं तिकीट नाही, नवी गाडी घेऊन येतोस, हे ऐकून फार बरं वाटलं. मग तू म्हणालास, "हायवेला बारा-चौदा तास जाणार. तुझी ती दुकानातली जुनी हार्डडिस्क आहे ना, तिच्यावरची गाणी पेनड्राइव्हवर मारून कुरिअर कर." मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून मन स्वस्थ नाही. मी ते पाठवणार नाही, आणि का पाठवणार नाही ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

मी गप्प झालो हे तुझ्या लक्षात आलं होतं. तू लगेच म्हणालास, "अरे, गाणं काय आंब्याची पेटी आहे? मी घेतलं तरी त्यांच्याकडचं त्यांच्याकडे राहतंच की." बोललास ते खरं आहे. पेटी उचलली की मालकाची एक पेटी कमी होते, गाणं कॉपी केलं की काही कमी होत नाही. पण आंब्याचं नाव तूच काढलंस, तर तुला चार वर्षांपूर्वीचा तुझाच फोन आठवतो का? दादरला तू देवगड हापूसची पेटी घेतलीस, वर देवगडचं नाव छापलेलं, आत आंबा कर्नाटकचा. तू रस्त्यावरूनच मला फोन लावलास. किती चिडला होतास! "आपल्या नावावर हे लोक पोट भरतात" असं म्हणालास. त्या दिवशी माझ्या कलमांवरचं एकही फळ चोरीला गेलं नव्हतं. तुझ्या काकांच्या बागेतलंही नाही. तरी आपण लुबाडले गेलो असं तुलाही वाटलं आणि मलाही. का? मोहोर आल्यापासूनच्या फवारण्या, तुडतुड्याची धास्ती, अवकाळी पावसाच्या रात्री डोळ्याला डोळा न लागणं, झेल्यानं देठासकट उतरवलेलं एकेक फळ, हे सगळं त्या नावात असतं. हे नाव जपायला आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले, तेव्हा कुठे २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. हाताला लागत नाही अशी गोष्टही चोरीला जाते, हे आपल्या पट्टीतल्या माणसाला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

आता दुकानाचं सांगतो. तू मे महिन्यात येऊन तासन् तास माझ्या बाकावर बसायचास, तेव्हा तुला सगळं माहीत आहे. स्टँडासमोरचा तो गाळा, रिचार्ज, कव्हरं, आणि काचेवर हातानं लिहिलेलं 'गाणी भरून मिळतील'. मुंबईहून कुणीतरी हार्डडिस्क आणायचं, आम्ही आजूबाजूचे दुकानदार तिच्यावरून कॉपी मारायचो. एका गाण्याचे साधारण पाच एमबी. दोन जीबीच्या कार्डात चारशे गाणी बसायची. त्याचे मी तीस रुपये घ्यायचो. हिशेब करून बघ, एका गाण्याला साडेसात पैसे पडले. आणि ते साडेसात पैसेही माझे. ज्यानं शब्द लिहिले, चाल बांधली, जी गायली, जो मागे बसून वाजवत होता, त्यांतल्या कुणाचाही त्यात हिस्सा नव्हता. दिवसाला दहा-बारा कार्डं भरत होतो आणि एकदाही हा विचार माझ्या मनात आला नाही. सगळ्याच स्टँडांवर हेच चालायचं.

मग एक दिवस बुवा आले. कोण ते तुला सांगायला नको. आपण शाळेत असताना पहाटेपर्यंत ज्यांची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा तो सामना, ऐकली, तेच. तोवर थकले होते, बाऱ्या बंद झाल्या होत्या. नातवाच्या मोबाइलात गाणी भरायला आले होते. मी संगणकावर यादी खाली सरकवत होतो आणि गिऱ्हाइकाला नमुना म्हणून मधेच एखादं वाजवायचो, तसं एक वाजवलं. 'भजन ०७' असं त्या फाइलचं नाव होतं. बुवा काउंटरवर हात टेकून वाकले.

"रे, ह्यो माजो आवाज मां?"

"होय बुवा, तुमचोच."

थोडा वेळ ते नुसते ऐकत राहिले. गजर चालला होता, मागे झांजा, चकी, कोरस. मग म्हणाले, "रातभर गायलंय, तां सगळां ह्या नखाएवढ्या कार्डात मावता?" आणि पुढे, "माका पण भरून दी. घराकडची कॅसेट बुरशीन खाल्ली."

मी भरून दिलं. पैसे राहू देत म्हणालो, पण पुटपुटत म्हणालो. त्यांनी दहाच्या तीन नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या. "घे. धंदो तो धंदो." आणि मी त्या घेतल्या, मित्रा. गल्ल्यात टाकल्या. स्वतःचा आवाज त्या माणसानं माझ्याकडून तीस रुपयांना विकत नेला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, हे माझं कुणाकडून आलं असंही त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काही सांगता आलं असतं असंही नाही. त्या रात्री घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

आणि त्यानंतर धंदा बंद केला का? नाही केला. खोटं कशाला सांगू. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट फुकट झालं, आणि कार्ड घेऊन माणसं यायची थांबली, तेव्हा काचेवरची अक्षरं खरवडली. म्हणजे मधली तीन-चार वर्षं बुवा काउंटरवर वाकलेले मला रोज दिसत होते आणि मी कार्डं भरतच होतो.

तू म्हणशील, पैसे दिले तरी ते कंपनीलाच जातात, कलावंताच्या हाताला काय लागतं? हे तू नेहमी म्हणतोस आणि त्यात तथ्य आहे. बुवांच्या कॅसेटचंच घे. त्यांच्या मुलानं मला नंतर सांगितलं, एकदाच ठरलेली रक्कम मिळाली, पुढे किती कॅसेटी खपल्या त्याचा पत्ता नाही. थोरामोठ्यांचीही तीच गत होती. गायकाला रॉयल्टी मिळावी म्हणून लता मंगेशकर साठच्या दशकात अडून बसल्या. त्यावरून त्यांचं आणि रफीसाहेबांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला करारानं काढून घेता येणार नाही, असं कॉपीराइटच्या कायद्यात यायला २०१२ साल उजाडलं. मूळ कायदा १९५७ चा, म्हणजे पंचावन्न वर्षं गेली. जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी जीव तोडून भांडण केलं.

पण म्हणून काय? वाशीचा दलाल बागायतदाराला भाव देत नाही, म्हणून मी दलालाच्या गाळ्यावरची पेटी उचलून घरी नेली, तर बागायतदाराच्या पदरात काय पडलं? आधी थोडं तरी पडत होतं, तेही गेलं. शिवाय आता त्याला भांडायलाही जागा राहिली नाही, कारण खपाचा आकडाच नाही. मी भरून दिलेली हजारो कार्डं कुठल्याच वहीत नाहीत. गाणं अमुक इतक्या लोकांनी ऐकलं, माझा वाटा टाका, असं म्हणायला माणसाकडे आकडा लागतो. फुकट उतरवून घेतलेल्या गाण्यानं तो आकडाच पुसला जातो.

विकत मिळतच नव्हतं, असंही आपण म्हणायचो. ते अर्धंच खरं. २०१२ साली फ्लिपकार्टनं फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान नेटवर काढलं होतं, एकेक गाणं थोड्या रुपयांत विकत मिळायचं. पुढच्या वर्षी ते गुंडाळावं लागलं. देवगडात तेव्हा कार्डानं पैसे भरणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, हेही तितकंच खरं, आणि तेवढ्यापुरता मी आपल्या गिऱ्हाइकांना दोष देत नाही. पण आज तुझ्या फोनमधून तू वाण्याचे, रिक्षाचे, दुधाचे पैसे देतोस.

तुझा अजून एक मुद्दा मला माहीत आहे, कारण तो तू बारीच्या मंडपातच काढला होतास: बुवा तरी कुठे पैसे देऊन चाली घेतात? सिनेमातली चाल उचलायची आणि तिच्यावर गजर बांधायचा! हा मुद्दा मला खरंच जड जातो. मी त्यावर खूप विचार केला. माझं म्हणणं असं, की बुवा ती चाल घेऊन रात्रभर घाम गाळतात, तिच्यात आपले शब्द आणि आपला दम घालतात, आणि चाल कुठली हे समोर बसलेल्या पोरासोरांनाही कळतं, ते लपवलेलं नसतं. तरी त्यात मूळ चालकाराचं काहीएक देणं राहतंच, हे मी मान्य करतो. त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्यावरून आपल्याला सगळं उचलायची मोकळीक मिळते, असं मला दिसत नाही.

उलट भजनातच मला दुसरी गोष्ट दिसली. आपल्याकडे अभंग शेकडो वर्षं फुकटच फिरले. वह्या उतरवून घेतल्या, तोंडपाठ केले, कुणी कुणाला पैसा दिला नाही. पण शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' आहे, 'नामा म्हणे' आहे, 'जनी म्हणे' आहे. उतरवून घेणारा कितीही गरीब असो, त्यानं ते नाव गाळलं नाही. जनाबाईचे शब्द जनाबाईच्याच नावानं आपल्या आजीच्या जात्यापर्यंत पोचले. आणि मी? बुवांच्या आवाजावर 'भजन ०७' लिहिलं. फुकट गाणी देणाऱ्या साइटवाल्यांनी तर जिथे गायकाचं नाव यायचं तिथे आपल्या साइटचं नाव ठोकलेलं असायचं. गाणं लागलं की मोबाइलच्या पडद्यावर तेच सरकायचं. हजारो पोरं ती गाणी ऐकत मोठी झाली आणि कोण गातंय हे त्यांना कधी कळलंच नाही. पैशाचं एकवेळ राहू दे, हे मला जास्त लागतं.

कायद्याची भीती मी तुला घालत नाही. माझ्यासारख्या दुकानदाराला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकला असता, हे मी फार उशिरा वाचलं. पण तोच कायदा वाचताना असंही कळलं, की तो आंधळा नाही. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवलं तर तो हक्कभंग धरत नाही, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतही नाही. हक्कालाही मुदत आहे. १९६० साली निघालेली तबकडी घे, तिच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांनी, २०२० च्या डिसेंबरअखेर संपला. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, तो कवी-संगीतकारांच्या निधनानंतर साठ वर्षांचा. म्हणजे कुणी कायमचं कुंपण घातलेलं नाही. त्या माणसाच्या आणि त्याच्या पोराबाळांच्या हयातीपुरतं घातलंय.

तर गाडीसाठी तू गाण्यांच्या एखाद्या ॲपचे महिन्याचे पैसे भर. एका वेळच्या ऐकण्याचे गाणाऱ्यापर्यंत फारच थोडे पोचतात, मला माहीत आहे. पण ते मोजले तरी जातात. घाटात रेंज जाते म्हणून आधीच गाणी उतरवून ठेव, तशी सोय असते. पैसे नकोच भरायचे असतील तर रेडिओ लाव, किंवा जाहिराती सोसून फुकटातलं ऐक, त्यातही हिशेब ठेवला जातो. तुला हे पाल्हाळ वाटेल. पण माझ्याकडून ती डिस्क आता कुणाच्या हातात जाणार नाही.

डिस्क मी मोडूनही टाकलेली नाही, आणि त्याचं कारण या पत्रातलं सगळ्यात अवघड आहे. परवा तुझा फोन झाल्यावर ती जोडली. चालू होताना घरघरली, वाटलं गेली. पण उघडली. 'भजन ०७' शोधून काढलं. चांगली पाऊण तासाची फाइल आहे. सुरुवातीला पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून दोन-तीनदा थाप मारून बघतात तो आवाज, मागे जनरेटरची घरघर, कुणीतरी खोकतं, आणि मग बुवांचा पहिला आलाप. तो लागला आणि बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

बुवांना जाऊन आता पाच वर्षं झाली. ती कॅसेट काढणारे लोक कधीच आवरून गेले. त्यांच्या घरातली कॅसेट दमट हवेनं खाल्ली, नातवाचं ते कार्ड मोबाइलसकट हरवलं. मी सगळीकडे विचारलं. ही बारी आता बहुतेक माझ्या त्या चोरीच्या डिस्कवरच उरली आहे. मी कॉपी मारली नसती तर तीही राहिली नसती. याचं काय करू ते मला सुचत नव्हतं. चोरी चांगली होती असं मी म्हणू शकत नाही, आणि ही फाइल नसती तर बरं झालं असतं असंही म्हणवत नाही.

काल त्यांच्या मुलाला फोन केला. सगळं सांगितलं, ते तीस रुपयेसुद्धा. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "घेऊन ये. चतुर्थीला घरात सगळी असतत." फाइलचं नाव मी बदललंय. बुवांचं पूर्ण नाव, पखवाजाला कोण, पेटीवर कोण, मला आठवलं तेवढं लिहिलंय. चकीवाला कोण होता ते मला आठवत नाही. तुला आठवतो का? तू त्याच्याच मागे बसायचास. आठवलं तर लगेच कळव, मला पेनड्राइव्ह देण्याआधी तेवढं लिहायचं आहे.

गणपती आले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जोडीनं त्यांच्याकडे जाऊ. गाडी कणकवलीवरून आण, फोंड्याचा रस्ता पावसानं खराब झालाय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
स्टँडासमोरचा