‘परत सांगा’ म्हणायची लाज

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. विमान चालवायच्या सरावात टॉवरवाले रेडिओवर काय म्हणाले ते नीट कळलं नव्हतं, तरी तू ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकलं’, म्हणून मोकळी झालीस आणि इन्स्ट्रक्टर सगळ्यांदेखत बोलले. ‘बाबा, परत विचारायची लाज वाटली,’ म्हणालीस. त्या लाजेपायी मला दोन रात्री झोप नाही.

२५ जानेवारी १९९० ची गोष्ट. आव्हियान्का या विमान कंपनीचं ५२ नंबरचं विमान कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलं. केनेडी विमानतळावर हवा खराब, म्हणून वाटेत तीनदा मिळून सव्वा तास त्याला घिरट्या घालायला लावल्या. को-पायलटनं ‘प्रायॉरिटी’ मागितली, पण ‘इमर्जन्सी’ काही म्हटलं नाही. पहिल्या खेपेला उतरणं जमलं नाही. कॅप्टननं स्पॅनिशमध्ये बजावलं, इमर्जन्सी आहे म्हणून सांग. सांगितलं, असं को-पायलट म्हणाला. प्रत्यक्षात रेडिओवर तो इंग्रजीत बोलला ते एवढंच: वळतोय, पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत चाललंय. कंट्रोलरनं विचारलं, पंधरा मैल पुढे नेऊन परत आणतो, इंधनाचं चालेल ना? उत्तर गेलं, ‘चालेल बहुतेक, थँक यू व्हेरी मच.’

थोड्याच मिनिटांत चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेकला कोसळलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली. टाक्या इतक्या कोरड्या होत्या की आगसुद्धा लागली नाही.

ते ‘थँक यू’ माझ्या डोक्यातून जात नाही गं. त्याचं इंग्रजी कच्चं होतं, असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याला येत नसेल का? मला वाटतं, भीड आडवी आली. पाहुण्यांकडे भूक लागलेली असतानाही ‘नको, पोट भरलंय’ म्हणायला तुला मीच शिकवलंय. विमानात तेवढं विसर. भीड भिकेची बहीण म्हणतात, तिथे तर ती त्याहून वाईट.

मी स्टेशन मास्तर असताना रेल्वे फाटक बंद झालं की गेटमन फोनवर प्रायव्हेट नंबर द्यायचा, म्हणजे फाटक बंद केल्याची खूण. पावसाळ्यात लाइन खरखरायची. एकदा त्यानं दिलेला नंबर एकोणसाठ की एकोणसत्तर, कळेना. तीनदा विचारलं. तो वैतागला, गाडी सिग्नलला शिट्ट्या मारत उभी. ‘पाच, नऊ, एकोणसाठ’ असं सुटं करून त्याच्याकडून वदवून घेतलं, रजिस्टरात लिहिलं, मगच सिग्नल दिला. टॉवरनं सांगितलेलं पायलटनं परत म्हणून दाखवायचं, ते तुमचं रीडबॅक म्हणजे दुसरं काय?

रविवारी फोन करशील तेव्हा मी टॉवर होतो. मुद्दाम पुटपुटत बोलेन. तू ‘से अगेन’, म्हणजे ‘परत सांगा’, म्हण, कळेपर्यंत. आईलाही ऐकायचंय.

तुझे,
बाबा