ऑपरेशन झालं, फिजिओचं कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'जखडलेला खांदा, दुर्बिणीतून ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी' असे फ्लेक्स हल्ली चौकाचौकात दिसतात म्हणून लिहितेय. मी पण दुसऱ्या दिवशी घरी आले, ते खोटं नाही, पण पुढचं फ्लेक्सवर नसतं.

मला बारा वर्षं शुगर आहे आणि शुगरवाल्यांना हे दुखणं जास्त होतं हे खांदा जाम झाल्यावरच कळलं. वेणी घालता येईना, त्या कुशीवर झोपता येईना, मागचा हूक सून लावायची, एक्सरे मात्र नॉर्मल त्यामुळे घरच्यांना वाटायचं काही नाहीचे. गोळ्या झाल्या, इंजेक्शन झालं, मधे एका मालिशवाल्याने हात असा ओढला की काजवे चमकले. शेवटी ऑपरेशन. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळतं, ते छोट्या भोकांतून कापून मोकळं करतात. भुलीत असताना हात पार कानाला लागला होता म्हणे.

पण कापलेलं भरून येताना परत आवळू शकतं, म्हणून हात लगेच हलवायला लागतो. माझ्या डिस्चार्ज पेपरवर फक्त 'फिजिओ' (म्हणजे फिजिओथेरपी, व्यायामाचे उपचार) एवढा एक शब्द, तोही डॉक्टरी अक्षरात! मी आपली हात झोळीत घालून दहा दिवस बसले, शेजारणी पण म्हणाल्या टाके आहेत, जपा. टाके काढायला गेले तर हात जेमतेम खांद्याइतका. मग तीन महिने दाराला कप्पी, भिंतीवर बोटं चालवणं, काठी धरून हात बाहेर फिरवणं, आणि हे बाहेर फिरवणं सगळ्यात उशिरा आलं, रडवलं त्याने. सेशनचे 400 रुपये, आणि मेडिक्लेमने ऑपरेशनचे दिले पण फिजिओचं बिल ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, म्हणून परत पाठवलं.

ब्रिटनमध्ये 503 पेशंटवर अभ्यास झालाय, 2020 ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दुर्बिणीचं ऑपरेशन, भूल देऊन हात फिरवून मोकळा करणं आणि इंजेक्शनसकट नीट आखलेली फिजिओ, वर्षभराने तिघांत फार मोठा फरक निघाला नाही, आणि पहिल्या दोन्हींत पण नंतर फिजिओ होतीच.

तेव्हा ऑपरेशनच्या आधीच व्यायाम करून दाखवा, मराठीत एक कागद द्या, आणि झोळी कधी काढायची ते पेशंटला तोंडाने सांगा, एवढं तरी हॉस्पिटलांनी करावं.

– एक वाचक, चिंचवड