हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लिहायचं कारण म्हणजे माझी आई. वय ६३, गाव कराडजवळ, आणि लग्न झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायची सवय. मागच्या हिवाळ्यात ती पेरू खात होती, एक घास तोडला आणि पांढऱ्या गरावर लाल रेघ उमटलेली मला दिसली. विचारलं तर म्हणाली, अगं ते रोजचंच आहे, ब्रशने जास्त येतं म्हणून तर ब्रश सोडला, आता बोटानेच घासते.

आमच्याकडे हेच चालतं. रक्त आलं की ब्रश कडक असेल नाहीतर उष्णता झाली असेल असं म्हणायचं आणि त्या जागी हातच लावायचा नाही. मीसुद्धा आधी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणून दिल्या, दोन महिने त्यातच गेले. सी कमी पडलं तर हिरड्यांतून रक्त येतं हे खरंय, पण पेरू, आवळा, लिंबू पोटात जाणाऱ्या माणसाचं कारण बहुतेक वेळा साधं असतं, दात आणि हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचतो, त्याने हिरडी सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. तो थर रोज काढला नाही तर थुंकीतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचं किटण होतं आणि ते मग ब्रशने निघत नाही. म्हणजे रक्त येतं म्हणून घासणं बंद केलं की दुखणं वाढणारच!

डेन्मार्कमध्ये १९६५ साली हाराल्ड लो या दंतसंशोधकांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं होतं, १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि परत घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. इतकं सोपं आहे हे, पण वेळेत केलं तरच. उशीर झाला तर आतलं हाड झिजतं आणि ते परत भरून येत नाही. आईचे दोन दात त्यातच गेले.

मिश्रीचं तर वेगळंच. डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या की तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी दिसू शकतं आणि बाईला वाटतं मिश्रीने हिरड्या घट्ट होतात. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू डबीत भरून ठेवतात तिला कोण अडवणार, ते घरातल्यांनीच बोलायला हवं. आणि कॅन्सरची भीती आहेच.

दात साफ करून घेतले की दात हलतात असं आईला शेजारणींनी सांगितलं होतं, ती दोन वेळा दवाखान्याच्या पायरीवरून परत आली. अहो, किटण निघाल्यावर फटी मोकळ्या दिसतात, दात आधीच सैल असतात! मऊ ब्रश, हिरडीच्या कडेकडे तिरका धरून दोन मिनिटं, दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश, एवढंच तिला शिकवलं. पहिले काही दिवस रक्त आलं, मग कमी होत गेलं. मॅडमनीच शुगर तपासायला सांगितली, ती वाढलेली निघाली. शुगर जास्त असली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे शुगर आटोक्यात आणणं अवघड जातं, हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

घासल्याशिवाय आपोआप रक्त येत असेल, अंगावर निळे डाग असतील किंवा ताप असेल तर मात्र लगेच डॉक्टरकडे जा, डेंग्यू किंवा रक्ताचा आजारही असू शकतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एक विनंती आहे. सरकारी तपासणीत ३० वर्षांवरच्या लोकांची शुगर, बीपी बघतात, तोंडाच्या कॅन्सरसाठी तोंडही बघतात. तोंड उघडलेलंच आहे तर तिथेच हिरड्यांतून रक्त येतं का, मिश्री लावता का, हे दोन प्रश्न विचारून बाईला डेंटिस्टकडे पाठवायला काय हरकत आहे? आपल्या पेपरातून हे आरोग्य विभागापर्यंत पोचावं.

आपली एक वाचक,
कराड