पंधरा दिवस पिल्लू माझ्याकडेच राहील

बडोदे,
रविवार, रात्रीचे साडेदहा

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

गोत्रीहून दांडिया बाजारात पत्र पाठवण्याची ही कोणती तऱ्हा, असे तुम्हाला वाटेल. पण फोनवर मी काही सांगू लागले की आई नुसते "बरं" म्हणते आणि तिच्या त्या "बरं"पुढे माझे शब्द संपतात. बाबा तर दुसऱ्याच वाक्याला फोन आईच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून सगळे कागदावर उतरवून उद्या सकाळी डब्याच्या पिशवीतून तुमच्या जावयांबरोबर पाठवत आहे. दोघांनी मिळून, चष्मा लावून, सावकाश वाचा.

आधी जे ठरले आहे ते सांगते, कारण ते शेवटी लिहिले तर मधले सगळे तुम्ही धास्तीने वाचाल. पिल्लू उद्यापासून पंधरा दिवस तुमच्याकडे येणार नाही. मी रजा घेतली आहे आणि ती मंजूरही झाली आहे. त्यानंतर तो सकाळी माझ्या ऑफिसजवळच्या पाळणाघरात राहील आणि दुपारी एक वाजता जेवायला व झोपायला तुमच्याकडे येईल. यात राग नाही, रुसवा नाही आणि तुमच्या हातून काही चुकले म्हणून केलेली शिक्षा तर मुळीच नाही. दादाच्या वेळी आजी जे बोलल्या होत्या ते आई अजून विसरलेली नाही, हे मला ठाऊक आहे; तसा एकही शब्द माझ्या लेखणीतून उतरू नये म्हणून मी हा परिच्छेद तीनदा फाडून पुन्हा लिहिला आहे.

शुक्रवारी रात्री मी त्याला अंघोळीला घेतले, तर तो टबात बसेचना. बादलीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरून, पाठीची कमान करून उभा राहिला आणि पहिला तांब्या अंगावर पडताच असा किंचाळला की शेजारच्या बेननी दार वाजवले. उजेडात नीट पाहिले, तेव्हा जांघेतल्या घड्यांमध्ये कातडी ओल्या कुंकवासारखी लाल आणि चकचकीत झालेली होती, आणि त्या लालीच्या कडेने, थोडे अंतर सोडून, मोहरीएवढे सुटे सुटे ठिपके उठले होते. तीन आठवडे आपण ज्याला "डायपर लागला आहे" म्हणत होतो, ते नुसते डायपर लागणे राहिलेले नव्हते.

शनिवारी सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ते ठिपके पाहिले, घड्या उघडून पाहिल्या, मग तोंड उघडून जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरा थर आहे का तेही तपासले. तो नव्हता. साधी पुरळ, म्हणजे लघवी आणि शी यांच्या ओलीने कातडी सोलवटते ती, डायपर जिथे घासतो तिथे, म्हणजे ढुंगणाच्या आणि मांड्यांच्या उंचवट्यांवर येते आणि घड्या बहुधा तिच्यातून सुटतात. घड्यांमध्येच लाली शिरली आणि कडेने असे ठिपके दिसले, तर ती कॅन्डिडा नावाची बुरशी समजावी, असे त्यांनी सांगितले. ही बुरशी बाहेरून कोणी आणत नाही, ती आपल्या सगळ्यांच्या आतड्यात थोडीबहुत असतेच. पिल्लूच्या कानाच्या दुखण्यासाठी सात दिवस अँटिबायोटिक दिले, त्यात कानातल्या जंतूंबरोबर पोटातले चांगले जिवाणूही गेले, बुरशीला रान मोकळे मिळाले, आणि वर जुलाब लागले. लघवीतल्या युरियाचा शीमधल्या जिवाणूंमुळे अमोनिया होतो, आणि त्याने शीमधले पचनरस जास्तच जहाल होऊन कोवळी कातडी खातात. दिवसातून सहा-सात वेळा हे घडत होते. म्हणजे सुरुवात त्या औषधाच्या बाटलीपासून आहे, तुमच्या घरापासून नाही. आणि ती बाटली मीच त्याला चमच्याने पाजली होती.

माझा दुसरा दोषही लिहून ठेवते. रात्रभर टिकणारा म्हणून जो जाड डायपर मी आणला, तो मी खरोखरच रात्रभर, दहा-दहा तास ठेवत होते, कारण मला झोप हवी होती. वरून कोरडा लागतो म्हणून आत ओल नाही असे मी धरून चालले. आई, तू दोनदा म्हणालीस की लेकराला एवढा वेळ बांधून ठेवू नये, आणि मी तुला म्हणाले की आताचे डायपर वेगळे असतात. तुझे म्हणणे बरोबर होते.

आता त्या ट्यूबबद्दल. बाबा, गुरुवारी पिल्लूच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात मला ती सापडली. खालून वर, दंतमंजनाची ट्यूब तुम्ही गुंडाळता तशीच नीट गुंडाळलेली होती, त्यामुळे कोणाची हे विचारावे लागले नाही. तुमच्या कमरेच्या नायट्यासाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने दिलेली आणि तुम्हाला "जादूसारखी" लागू पडलेली तीच ती. तुम्ही ती किती मायेने, बोटाच्या टोकाने लावली असेल ते मी डोळ्यांपुढे आणू शकते. पण तिच्यात तीन औषधे एकत्र आहेत: बुरशीचे, जंतूंचे आणि एक तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून वाटते की गुण आला. प्रत्यक्षात कातडीची बुरशीशी लढण्याची ताकद तेवढी कमी होते, बुरशी खालच्या खाली पसरते आणि ट्यूब थांबवली की दुप्पट जोराने वर येते. आपल्याकडे तीन आठवडे नेमके हेच चालले होते, सोमवारी बरा आणि गुरुवारी पुन्हा लाल. त्यातून लहान मुलाची कातडी पातळ आणि वरून डायपरचे झाकण, त्यामुळे ते स्टेरॉइड मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त अंगात मुरते. कातडी विरत जाते, आणि फार दिवस लावले तर शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकांचे कामही मंदावते. सुदैवाने पिल्लूला मोजक्याच वेळा लागले आहे आणि डॉक्टरांनी घाबरण्यासारखे काही नाही असे स्पष्ट सांगितले आहे, म्हणून कृपा करून याचा रात्रभर विचार करत बसू नका. अशी स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने 2018 मध्येच केला आहे; तरी दुकानदार ती बामच्या डबीसारखी हातावर ठेवतो, आणि आपणही भाऊ म्हणून त्याच्यावर विश्वास टाकतो.

आणि बाबा, तुमचा नायटासुद्धा दर पावसाळ्यात परत का येतो, याचे उत्तर बहुधा याच ट्यूबमध्ये आहे. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचे आहे. साखरेचा शेवटचा रिपोर्ट बरोबर न्या, कारण साखर वाढलेली असली की बुरशी सहज हटत नाही. "पाहू" म्हणू नका. बुधवारी संध्याकाळची वेळ मी घेऊन ठेवली आहे, आणि तुमचे जावई साडेपाचला गाडी घेऊन येतील.

आई, आता तुझ्या डब्याकडे वळते. देवघराखालच्या फडताळातली बोरिक पावडर कॅरमसाठीच राहू दे. आमच्या लहानपणी ती तू लंगोटात भुरभुरवत होतीस आणि आम्ही धडधाकट वाढलो, हे खरे आहे; पण सोललेल्या कातडीतून ती रक्तात जाते आणि लहान मुलांना तिची विषबाधा होऊ शकते, म्हणून आता डॉक्टर तिला हात लावू देत नाहीत. सुगंधी टाल्कम पावडरही नको, कारण तिची धूळ त्याच्या श्वासातून छातीत जाते. हळद, बेसन आणि तुझे ते उटणे अंगाला खुशाल लाव, पण जखमेच्या भागाला नाही. खोबरेल तेलाला कोणाचीच हरकत नाही, ते तुझे राहिले.

सध्या इथे काय चालले आहे तेही सांगते, म्हणजे तुझा जीव खाली पडेल. दर दोन तासांनी, आणि शी झाली की त्याच क्षणी, डायपर बदलते. पुसायला ओले वाइप्स बंद केले आहेत. कोमट पाणी आणि कापूस, आणि मग तुझ्या जुन्या मलमलीच्या तुकड्याने, न घासता, नुसते टिपून घेते. मग पंधरा-वीस मिनिटे तो मेणकापडावर उघडाच लोळतो, आणि दोनदा त्याने गादीचा, एकदा तुमच्या जावयांच्या पायजम्याचा अभिषेक केला आहे. कातडी पूर्ण कोरडी झाली की क्लोट्रिमाझोल एक टक्का, हे निव्वळ बुरशीचे मलम, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोनदा पातळसे लावते, आणि त्यावर झिंक ऑक्साइडचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या पांढऱ्या मलमाचा, थर. हा थर मात्र पातळ चालत नाही. केकवाला आयसिंग लावतो तसा, खालची कातडी दिसणार नाही इतका जाड हवा. पुढच्या वेळी तो खरवडून काढायचा नाही. वरचा मळलेला भाग तेवढा कापसाला तेल लावून उचलायचा आणि उरलेल्यावर नवा थर चढवायचा. मी पहिल्या दिवशी सगळा घासून काढला आणि बिचारे पोर पुन्हा रडले. लाली गेली तरी मलम आणखी काही दिवस चालू ठेवायचे आहे, आणि याच एका गोष्टीसाठी मला तो पंधरा दिवस एकाच हाताखाली हवा आहे.

आज संध्याकाळी ठिपके फिके झाले आहेत. तो बसून वरण-भात जेवला, नंतर माझ्या मांडीवर टाळ्या वाजवत होता. जुलाब शनिवारपासून थांबले आहेत. पोट पूर्ण ठीक होईपर्यंत आमरस आणि मोसंबीचा रस बंद ठेवला आहे; ताक-भात, केळे आणि मऊ खिचडी यांवर तो खूश आहे.

पाळणाघराचे कारणही याच हिशोबात आहे. आई, दर दोन तासांनी बदलायचे म्हणजे तुमच्याकडे असताना चार-पाच वेळा. दर वेळी दहा किलोचे वळवळणारे मूल उचलून त्या खालच्या मोरीत नेणे, वाकणे, धुणे, पुन्हा उचलणे. तुझ्या गुडघ्यांना हे झेपत नाही आणि तू ते कबूल करणार नाहीस. म्हणून तू दोन वेळा टाळत होतीस, हे मला वहिनीकडून नाही, तुझ्या जिना उतरण्यावरून कळले. दुपारी तो तुमच्याकडे येईल तेव्हा एकदा किंवा दोनदाच बदलावे लागेल, आणि त्यासाठी मी कमरेच्या उंचीचे टेबल समोरच्या खोलीत आणून ठेवणार आहे. बाबांनी फक्त त्याचे पाय धरायचे आणि गाडी दाखवायची. एका क्षणासाठीही त्याला टेबलावर एकटे सोडायचे नाही, फोन वाजला तरी नाही.

रविवारी मात्र आम्ही नेहमीसारखे सकाळीच येऊ. बाबांनी त्याला कमाटीबागेत न्यायचे कबूल केले आहे, ते मोडायचे नाही.

काल रात्री दोनला त्याला बदलताना मला आपल्या जुन्या घराची गच्चीकडची खोली आठवली. पाऊस थांबत नसे, आणि तू शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून लंगोट एकेक करून तिच्यावर सुकवत असायचीस. मग पुन्हा इस्त्री फिरवून, गालाला लावून पाहायचीस, गार लागला तर परत टोपलीवर. मी शेजारी बसून गरम कपड्यांत तोंड खुपसायचे आणि तू ओरडायचीस. डॉक्टरांनी कापडी लंगोट दमट असताना बांधायचा नाही असे बजावले, तेव्हा मला हसू आले, कारण हे मी चार वर्षांची असतानाच शिकले होते.

तेव्हा एक काम तुझ्याकडे सोपवते, आणि ते तुझ्याशिवाय कोणाकडून होणार नाही. तुझ्या जुन्या मऊ सुती साड्यांमधून डझनभर लंगोट शिवून दे. दिवसा घरात त्याला तेच बांधणार आहे. नाड्या बाजूला हव्यात, पोटावर गाठ नको, आणि आत शिवण टोचेल असे काही नको. धुताना साधा साबण आणि दोनदा स्वच्छ पाणी, डेटॉल नाही आणि वासाचे फॅब्रिक सॉफ्टनर नाही. वरून रबरी चड्डी घालायची नाही, ती ओल आत कोंडते.

पुढे कधी तुमच्याकडे असताना त्याला ताप आला, पुरळीत पू दिसला, फोड आले, रक्त आले किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही, तर मला ऑफिसात लगेच फोन करायचा. "उगाच कशाला तिला त्रास" असा विचार करायचा नाही.

गुडघ्याचा पट्टा बांधत जा. सकाळची गोळी नाश्त्याआधी, बाबा, नंतर नाही.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, ती ट्यूब केराच्या डब्यात टाकण्याआधी पूर्ण दाबून रिकामी करा, नाहीतर पैसे दिलेले आहेत म्हणून आई ती पुन्हा उचलून फडताळात ठेवेल.